दरीत उतरण्याआधी : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

परतीचा पाऊस ओसरला की मराठवाड्यातल्या डोंगरवाटांवर चालणाऱ्यांची वर्दळ सुरू होते आणि आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही बदलतो. या वेळी नदीने कोरलेल्या अरुंद दऱ्यांमध्ये, म्हणजे घळींमध्ये, पायी हिंडण्याविषयीची पत्रे निवडली आहेत. जागेअभावी काही प्रश्न संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : आम्ही जालन्याचे सहा मित्र अजिंठा आणि गौताळा परिसरातल्या दऱ्यांमध्ये नियमितपणे हिंडतो. या हिवाळ्यात पचमढीला जाऊन तिथल्या वालुकाश्मातल्या खोल दऱ्यांमध्ये पदभ्रमण करावे, असा विचार आहे. आमच्यातला एक जण म्हणतो की दगड शेवटी दगडच. ज्याला अजिंठ्याजवळच्या सातकुंडाच्या कड्यावर चालता येते, त्याला कुठेही चालता येते. हे कितपत खरे आहे? (एक वाचक, जालना)

उत्तर : तुमच्या मित्राचे म्हणणे अर्धेच खरे आहे. पायांची सवय, दम आणि तोल ही तुमची शिदोरी पचमढीतही उपयोगी पडेल. मात्र कोणत्या दगडावर किती विसंबावे याचा जो अंदाज तुम्ही आपल्याकडे बांधला आहे, तो तिथे लागू पडणार नाही.

आपला मराठवाडा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचा बनलेला आहे. या काळ्या खडकाचे, बेसाल्टचे, कण एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. एका कठीण थराखाली बहुधा सच्छिद्र, ठिसूळ थर असतो आणि कुठे कुठे दोन थरांच्या मध्ये भाजल्यासारख्या लाल मातीचा पट्टा दिसतो. नदी खालचा मऊ भाग लवकर झिजवते, वरचा कठीण भाग तुटून पडतो आणि दरीला पायऱ्यांसारखे टप्पे पडतात. अजिंठ्याला वाघूर नदी एकापाठोपाठ एक कुंडांमधून खाली उतरते, ती याच कारणाने. अशा खडकावर घसरण्याची भीती असते, कारण पाण्याने तो गुळगुळीत होतो आणि त्यावर शेवाळ धरते. कड्याचे सुटे झालेले धोंडे निखळण्याचीही भीती असते. मात्र जो खडक मूळ कातळाला पक्का जोडलेला आहे, तो पावसात भिजला म्हणून हातात तुटून येण्याची शक्यता फार कमी असते.

वालुकाश्माची गोष्ट वेगळी आहे. पचमढीचा दगड वीस कोटी वर्षांहून जुना असून तो प्राचीन नद्यांनी वाहून आणलेल्या वाळूचा बनलेला आहे. वाळूच्या कणांना सिलिका, लोह किंवा चुन्याच्या द्रव्याने एकत्र धरून ठेवलेले असते आणि कणांमध्ये बारीक मोकळ्या जागा राहिलेल्या असतात. पावसाचे पाणी या जागांमध्ये शिरले की दगडाची ताकद लक्षणीय कमी होते. कोरड्या दिवशी तुमचे सगळे वजन पेलणारी खाच ओल्या दगडात अचानक मोडू शकते. त्यातच उन्हाने दगडाचा पृष्ठभाग लवकर वाळतो आणि आतली ओल मागे राहते. म्हणून तिथे गेल्यावर एक साधी परीक्षा करावी. कड्याच्या पायथ्याशी दगडातून झडलेली वाळू साचलेली असते. ती बोटांनी वीतभर उकरावी. खालची वाळू गार आणि दमट लागली, मुठीत दाबल्यावर तिचा मुटका झाला, तर समोरचा कडाही आतून ओला आहे असे समजून त्या दिवशी हाताने धरून चढण्याच्या वाटा सोडून द्याव्यात. पावसानंतर निदान एक-दोन दिवस कोरडे जाऊ द्यावेत, हा वालुकाश्मावर चढाई करणाऱ्यांचा सर्वत्र पाळला जाणारा नियम आहे आणि तो पाळण्यात दगडाचीही काळजी आहे, कारण तुटलेली खाच पुन्हा तयार होत नाही.

दुसरी सावधगिरी कड्याच्या काठाविषयी. वालुकाश्माच्या थरांमध्ये काही कठीण आणि काही मऊ असतात. मऊ थर वाऱ्यापाण्याने आत झिजत जातो आणि वरचा कठीण थर सज्जासारखा पुढे लोंबकळत राहतो. वर उभ्या राहिलेल्या माणसाला पायाखालची पोकळी दिसत नाही. हांडी खोहसारख्या, सुमारे ३०० फूट सरळ खाली गेलेल्या दरीच्या काठावर कठड्याच्या बाहेर पाऊल टाकू नये, असे जे सांगितले जाते, ते एवढ्यासाठीच. शिवाय सपाट दिसणाऱ्या दगडावर सुट्या वाळूचा पातळ थर असतो आणि उतारावर तो बुटाखाली घरंगळतो. काळ्या खडकावर ओलीला जपावे लागते. वालुकाश्मावर मात्र कोरड्या दिवशीही घसरायला होते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वालुकाश्म उभ्या भेगांच्या रेषेत फुटत असल्यामुळे त्यातल्या घळींच्या भिंती बऱ्याचदा सरळसोट असतात. आपल्याकडच्या टप्प्याटप्प्याच्या दरीतून मध्येच वर निघण्यासाठी गुरांची वाट, ओघळ किंवा झाडोरा सापडतो. तिथे आत शिरल्यावर बऱ्याच अंतरापर्यंत बाहेर पडण्याची वाटच नसते. म्हणून ज्या उडीवरून किंवा घसरणीवरून परत वर येता येणार नाही, ती उतरूच नये. पुढची वाट डोहाने किंवा धोंड्यांनी अडली, तर माणूस दोन्हीकडून अडकतो. वेळेचा हिशेबही त्याप्रमाणेच ठेवावा. मोठ्या धोंड्यांनी भरलेल्या पात्रात सराईत माणसाचेही तासाला एक किलोमीटरभर अंतर कापून होते, त्यामुळे नकाशावर चार किलोमीटर दिसणारी घळ जाऊन-येऊन पूर्ण दिवस घेते. अरुंद भिंतींमध्ये मोबाईलला रेंज मिळत नाही आणि फोनवरचा नकाशाही तुमची जागा चुकीची दाखवू शकतो; कागदावरचा नकाशा आणि परतीची ठरलेली वेळ माहीत असलेला एक माणूस गावात असणे आवश्यक आहे.

पचमढीचा बराचसा परिसर सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येतो. तिथे मनाला येईल त्या घळीत उतरता येत नाही. वन विभागाचा परवाना आणि स्थानिक वाटाड्या घेऊनच ठरवून दिलेल्या वाटांवर चालावे. वाटाड्या हा केवळ नियमाचा भाग नव्हे. कोणत्या डोहाला तळ आहे, कोणत्या कपारीत मोहोळ आहे आणि कोणत्या वाटेवर अस्वलाचा वावर आहे, हे त्याच्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक नसते. तुमच्यासाठी भुसावळ, इटारसीमार्गे पिपरिया हे सोयीचे स्थानक आहे. तिथून पचमढी रस्त्याने सुमारे ५० किलोमीटर आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी असते, ती गृहीत धरून कपडे घ्यावेत.

आधी सराव हवा असेल, तर माझे स्पष्ट मत असे की पचमढीआधी बदामीला जाऊन यावे. सोलापूरहून विजयपूर, बागलकोटमार्गे रेल्वेने बदामी गाठता येते, त्यामुळे धाराशिव आणि लातूरच्या वाचकांनाही ते जवळ आहे. अगस्त्य तळ्याभोवतीचे तांबडे कडे, दोन कड्यांच्या चिंचोळ्या फटीतून किल्ल्याकडे जाणारी पायऱ्यांची वाट आणि झुडपांतून सिद्लफडीच्या शैलाश्रयाकडे, म्हणजे कड्याखालच्या नैसर्गिक आडोशाकडे, जाणारी पायवाट या तिन्हींमध्ये वालुकाश्माचा स्वभाव फारसा धोका न पत्करता ओळखता येतो. शके ५००, म्हणजे इ. स. ५७८ चा शिलालेख असलेल्या तिसऱ्या लेण्यात गेलात, तर मूर्तींबरोबर भिंतीचा दगडही जवळून पाहावा. त्यात तांबड्या-पांढुरक्या छटांचे पट्टे दिसतात, आणि परिसरातल्या उघड्या कड्यांवर एका दिशेने कललेल्या बारीक रेघा दिसतात. वाहत्या पाण्याने वाळू कोणत्या बाजूला ढकलली, याची ती खूण आहे. हे थर ओळखता येऊ लागले की कोणता सज्जा पोकळ असेल आणि कुठे पाऊल टाकणे बरे, याचा अंदाज आपोआप येऊ लागतो.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा असून अभियांत्रिकीला आहे. तो मित्रांसह सुट्टीच्या दिवशी नद्यांच्या कोरड्या पात्रांतून आणि घळींतून भटकतो. "आकाश स्वच्छ आहे, नदीत पाणी नाही, मग भीती कसली?" असे त्याचे म्हणणे. मी त्याला अडवावे की जाऊ द्यावे? (एक आई, बीड)

उत्तर : ताई, त्याला अडवू नका, परंतु त्याच्या या युक्तिवादात जी उणीव आहे, ती त्याला नीट समजावून द्या. घळीतली माणसे आपल्या डोक्यावरचे आकाश पाहतात आणि पूर मात्र दुसऱ्याच आकाशातून येतो. घळ म्हणजे वरच्या सगळ्या पठाराचे पाणी एका फटीत आणून सोडणारी जागा. पठारावर दहा-बारा किलोमीटर मागे एखाद्या तासात जोराचा पाऊस झाला, तर उथळ मातीखालचा कातळ ते पाणी फारसे मुरू देत नाही. असंख्य ओघळ भरतात, ते नाल्याला मिळतात आणि नाला घळीत शिरल्यावर त्याला पसरायला जागा नसल्यामुळे पाण्याची उंची झपाट्याने वाढते. मराठवाड्यातला पाऊस थोड्या दिवसांत आणि थोड्या तासांत पडणारा आहे. त्यातही सप्टेंबर अखेर आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारनंतर गडगडाटासह येणारा पाऊस मर्यादित भागातच कोसळतो. एका गावात धो धो आणि शेजारच्या गावात ऊन, हे आपल्याकडे कुणाला नवीन नाही.

म्हणून चिरंजीवांना निघण्याआधी तीन गोष्टी विचारत जा. ते ज्या घळीत जाणार, तिचे पाणी कोणत्या गावांच्या शिवारातून येते? त्या वरच्या गावातल्या कुणाशी त्या दिवशी सकाळी फोनवर बोलणे झाले आहे का? आणि वरच्या अंगाला धरण, मध्यम प्रकल्प किंवा पाझर तलाव आहे का? तलाव सांडव्यावरून वाहत असेल किंवा धरणातून पाणी सोडण्याची सूचना असेल, तर त्याखालच्या पात्रात त्या दिवशी पाऊलच टाकू नये. या तीन प्रश्नांची उत्तरे जो मुलगा देऊ शकतो, त्याला निर्धास्तपणे जाऊ द्यावे. ज्याला देता येत नाहीत, त्याने त्या दिवशी कड्यावरून दरी पाहून परत यावे.

आत गेल्यावर काय पाहावे, हेही त्याला सांगा. घळीच्या दोन्ही बाजूंच्या करंज, उंबराच्या झाडांकडे पाहिले, तर डोक्याच्या उंचीवर, कधी त्याहूनही वर, फांद्यांच्या बेचक्यांत वाळलेले गवत, तुराट्या, प्लास्टिकच्या पिशव्या आणि एखादी ठिबकची नळी अडकलेली दिसते. मागच्या पुराचे पाणी तिथपर्यंत होते. जेवायला किंवा विसावा घ्यायला बसताना या रेषेच्या वरची जागा निवडावी आणि चालताना दर थोड्या अंतराने वर चढून जाण्याची जागा नजरेत ठेवावी. वाहत्या स्वच्छ पाण्याला अचानक गढूळपणा आला, पाण्यावर पाने-काटक्या आणि फेस येऊ लागला, मातीचा ओला वास आला किंवा वरच्या बाजूने सतत घरघर ऐकू आली, तर सामान आवरत बसू नये. अशा वेळी घळीतून खाली पळत सुटणे ही सर्वांत घातक चूक ठरते, कारण पाणी माणसापेक्षा वेगाने येते. जवळच्या बाजूने वर चढावे आणि पाणी उतरेपर्यंत तिथेच थांबावे, मग अंधार झाला तरी चालेल. गुडघ्याच्या वर असलेला वेगवान प्रवाह दोर धरूनही ओलांडू नये.

विजेचेही भान ठेवायला सांगा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर अंतर कापतो. मोजलेले सेकंद तीसहून कमी असतील, तर उघड्या पठारावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे ॲप त्याच्या फोनमध्ये असावे. या दिवसांत पहाटे निघून दुपारी बारा-एकच्या आत घळीबाहेर येणे उत्तम.

आणि एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. दऱ्यांमध्ये तरुण मुलांचे जीव जातात ते बहुतेक डोहात. वरून निळसर, शांत दिसणाऱ्या कुंडाच्या तळाशी पाण्याने कोरलेल्या कपारी असतात, धबधब्याखाली पाणी माणसाला पुन्हा पुन्हा आत ओढते आणि बाहेर पडायला हात टेकावा तर काठ शेवाळलेला असतो. अनोळखी डोहात उडी मारणार नाही, एवढा एक शब्द त्याच्याकडून जरूर घ्या.

प्रश्न : घळीत चालण्यासाठी महागडे बूट आवश्यक आहेत का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : महाग असण्याची गरज नाही; पायाला घट्ट बसणारे, मऊ रबराच्या खोलगट नक्षीच्या तळव्याचे आणि ओले झाल्यावर लवकर निथळणारे असावेत. तळवा झिजून गुळगुळीत झालेला जोड कितीही चांगल्या कंपनीचा असला तरी घरीच ठेवावा. चप्पल घालून दरीत उतरू नये. नवे बूट थेट दरीत न वापरता आधी आठवडाभर रोजच्या चालण्यात वापरावेत. बुटांपेक्षा पाण्यावर अधिक लक्ष द्यावे, असे मी म्हणेन: दिवसभराच्या चालीसाठी माणशी निदान तीन लिटर पाणी घरून न्यावे. घळीतले पाणी नितळ दिसले तरी वरच्या शिवारातून आणि गुरांच्या वाटेने आलेले असते. ते उकळल्याशिवाय पिऊ नये.

प्रश्न : आमच्या शाळेतील नववीच्या विद्यार्थ्यांना नदीने दरी कशी कोरली, हे प्रत्यक्ष दाखवायचे आहे. मराठवाड्यातच कुठे न्यावे? (एक शिक्षक, परभणी)

उत्तर : सर, तुमचा हेतू फार चांगला आहे आणि त्यासाठी मराठवाड्याबाहेर जाण्याची मुळीच गरज नाही. माझी पहिली पसंती अजिंठ्याला आहे, पण नेहमीच्या क्रमाने नव्हे. बहुतेक सहली थेट लेण्यांत शिरतात आणि चित्रे पाहून परततात. तुम्ही मुलांना आधी समोरच्या कड्यावरच्या व्ह्यू पॉइंटवर न्यावे. तिथून वाघूरचे घोड्याच्या नालेच्या आकाराचे वळण, सुमारे ७५ मीटर उंचीचा कडा आणि त्याच्या मधल्या पट्ट्यात ओळीने कोरलेली लेणी एका नजरेत दिसतात. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याला लेण्यांचे तोंड अशाच समोरच्या उंचीवरून दिसले, असे सांगितले जाते. नदी वळणाच्या बाहेरच्या बाजूला काठ कसा खाते, हे फळ्यावर समजावताना जे कष्ट पडतात, ते इथे वाचतील. सोमवारी लेणी बंद असतात, हे लक्षात ठेवावे.

कन्नडजवळ गौताळा अभयारण्यातली पितळखोरा लेणी हे दुसरे ठिकाण. तिथे पायऱ्यांनी थेट घळीत उतरता येते आणि ओढ्याच्या काठाने कड्यातली अतिशय प्राचीन बौद्ध लेणी पाहता येतात. त्या लेण्यांचे दर्शनी भाग कसे ढासळले आहेत, ते मुलांना दाखवावे; भेगांमधून झिरपणाऱ्या पाण्याने कडा कसा सुटतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही. किनवट तालुक्यात इस्लापूरजवळ पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा खडकाच्या टप्प्यांचा चांगला नमुना आहे, परंतु तो सुरक्षित अंतरावरूनच पाहावा. प्रवाहाजवळचा कातळ मुलांच्या घोळक्यासाठी नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून बांधलेला पाणीमहाल आहे. तिथे नदीने केलेले आणि माणसाने केलेले काम शेजारी शेजारी दिसते, म्हणून इतिहासाच्या शिक्षकांनाही सोबत घ्यावे.

शाळेच्या गटाने पात्राच्या तळाशी शिरून चालू नये, काठाच्या रुळलेल्या वाटांवरच राहावे, असा माझा आग्रह आहे. चाळीस मुलांना एका अरुंद जागेतून घाईने बाहेर काढणे कुणालाच शक्य नसते. त्याचबरोबर आग्या मोहोळांची माहिती मुलांना निघण्यापूर्वी द्यावी. आपल्या कड्यांच्या छताखाली ही काळपट पोळी लटकलेली नेहमी दिसतात. त्यांच्याजवळ धूर, आरडाओरडा, दगड मारणे आणि उग्र सुगंधी द्रव्ये पूर्णपणे टाळावीत. माश्या उठल्याच, तर हात झटकत एका जागी उभे राहू नये. तोंड आणि मान कापडाने झाकून, कड्याच्या काठाचे भान ठेवून, आलेल्या वाटेने लांब निघून जावे. त्वचेत रुतलेला काटा नखाने खरवडून ताबडतोब काढावा. अनेक दंश झाले असतील, श्वास लागत असेल किंवा ओठ-चेहरा सुजला असेल, तर १०८ वर फोन करून रुग्णालय गाठावे.

प्रश्न : माझे वय ६४ आहे. आमच्या भागातले काही लोक नागपंचमीच्या सुमारास पचमढीच्या नागद्वार यात्रेला जातात. यंदा मलाही जाण्याची इच्छा आहे. गुडघे थोडे दुखतात. जमेल का? (एक वाचक, हिंगोली)

उत्तर : काका, नागद्वारची वाट वर्षातून यात्रेच्या मोजक्याच दिवसांत खुली होते आणि हे दिवस भर पावसाळ्यात येतात. म्हणजे वर जालन्याच्या वाचकांना ज्या ओल्या वालुकाश्मापासून दूर राहायला सांगितले, त्याच दगडावरून तुम्हाला चढ-उतार करायचे आहेत. श्रद्धेने हजारो माणसे, त्यात तुमच्याहून वडीलधारीही, ही वाट चालतात, त्यामुळे मी नको म्हणणार नाही. मात्र गुडघ्यांना चढापेक्षा उतार अधिक जड जातो, हे ध्यानात घेऊन आतापासूनच तयारी करावी. डॉक्टरांना गुडघे दाखवून घ्यावेत. रोजच्या सपाट चालण्याबरोबर जिन्याच्या किंवा टेकडीच्या उताराचा सराव ठेवावा. दोन्ही हातांत काठ्या असाव्यात. उंच पायरी उतरताना आधी काठ्या खाली टेकवून मग पाऊल टाकावे. गर्दीच्या लोंढ्यात पुढच्या-मागच्यांच्या गतीने न चालता आपल्या गतीची दोन माणसे सोबत ठेवावीत. वाटेच्या कडेची दगडाची खाच किंवा बाहेर आलेले मूळ आधाराला धरू नये. बरेच यात्रेकरू अनवाणी चालतात, पण तुम्हाला मधुमेह असेल, तर तसे करू नये, कारण पायाची जखम लवकर लक्षात येत नाही आणि चिखलपाण्यात ती चिघळते. रोजची औषधे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून खिशातच ठेवावीत, सोबत्याच्या सामानात देऊ नयेत. आणि तुम्ही पचमढीला पोहोचाल त्या दिवशी पावसाची झड लागलेली असेल, तर मुक्काम एक-दोन दिवसांनी वाढवण्याइतकी सवड घरून निघतानाच ठेवावी.